भाडं वाया जातंय

किशन अंकलना रिकामी जागा बघवायचीच नाही. टिफिनमध्ये भाजी आणि पोळीच्या मध्ये फट दिसली की ते तिथे पापडाचा तुकडा खोचायचे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं युनिफॉर्म शिवायचं दुकान, मागे कारखाना. दुकानाच्या बोर्डवर नाव, वडिलांचा हार घातलेला फोटो, झुलेलाल, गणपती, सगळे मोबाईल नंबर आणि उरलेल्या जागेत ‘होलसेल’ असं तीनदा! मी बदलापूरहून तिथे कामाला जायचे. माझी पहिली नोकरी. कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्याकडे.

तर झालं असं, की अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीने सगळ्या कामगारांच्या युनिफॉर्मसाठी बोलावलं. आधी प्रेझेंटेशन द्या म्हणाले. कारखान्यात तेव्हा मशिनी बंद पडून होत्या, शिवणाऱ्या बायका अर्धा दिवस काम करून घरी जात होत्या. त्यांच्यातल्या सुनंदाताई रोज विचारायच्या, “काय गं, होईल ना ते अंबरनाथचं?” ही ऑर्डर गेली असती तर कारखान्याला कुलूपच होतं.

मी जीव तोडून स्लाइड बनवल्या. एका स्लाइडवर एकच शर्ट, खाली मोठ्या अक्षरात एकच ओळ: ‘ॲसिड उडालं तरी कापड टिकतं.’ बास! मला इतकं भारी वाटत होतं ना! अंकलनी चष्मा वर केला. “अडे बेटा, हे काय? बाकी माल कुठे गेला?”

“अंकल, मोकळी जागा असली की नजर शर्टवर जाते.”

“मोकळी जागा म्हणजे भाडं वाया! पूर्ण स्क्रीनचा भाडा भरतो ना आपण? भर. पॅन्ट टाक, ॲप्रन टाक, पिताजींचा फोटो टाक.”

“स्क्रीनला भाडं नसतं, अंकल!”

“तू बदलापूरवाली. तुमच्याकडे जागाच जागा. कॅम्पमध्ये येऊन बघ, जिन्याखाली पण दुकान आहे.”

आता यात खरा वैताग काय, सांगते. हाच माणूस गिऱ्हाइकासमोर काउंटरवर कधी दोन शर्ट ठेवायचा नाही! एक दाखवायचा, नको म्हटलं की उचलायचा, मगच दुसरा. म्हणायचे, “दोन ठेवले की गिऱ्हाईक बोलतो, घरी विचारून येतो. मग तो येत नाही.” मी लगेच पकडलं. “अंकल, मग स्लाइडवर पण एकच ठेवा ना!” तर म्हणे, “तो काउंटर आहे. हा बोर्ड आहे. बोर्डवर सगळं पाहिजे.” डोकं आपटू कुठे, यार?

शेवटी त्यांनीच बसून सगळं कोंबलं. कपडे, देव, पिताजी, नंबर, चारी बाजूंनी लाल बॉर्डर. कंपनीच्या मीटिंगमध्ये स्क्रीन लागली आणि खरेदीवाल्या मॅडमनी डोळे बारीक केले. शेजारचे साहेब म्हणाले, “जरा मोठं करा हो.” मोठं केलं तर स्क्रीनभर पिताजींचा हार! मला टेबलाखाली जावंसं वाटलं. सुनंदाताईंना काय सांगायचं, हेच डोक्यात.

अंकल मॅडमच्या डोळ्यांकडे बघत होते. गिऱ्हाईक उठायला आलं की जसे बघायचे, तसे. त्यांनी हळूच लॅपटॉप मिटला, पिशवीतून एक शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलावरचे पाण्याचे ग्लास, फायली, सगळं बाजूला सारलं. “मॅडम, ओढून बघा. जोर लावा, माझी शपथ.” मॅडमनी ओढला. मग साहेबांनी ओढला. शिवण हलली नाही.

ऑर्डर मिळाली! मी परत येताना रिक्षात म्हटलं, “बघितलं ना अंकल? एकच शर्ट ठेवला तेव्हा काम झालं.”

अंकल खूश होऊन म्हणाले, “अडे, आधी भरलेला बोर्ड दाखवला, म्हणून त्यांना वाटलं पार्टी मोठी आहे!”

म्हणजे कमाल! त्यानंतर प्रत्येक प्रेझेंटेशनला आमचं हेच भांडण. मी काढायचे, ते भरायचे. एकदाही मी जिंकले नाही.

या हिवाळ्यात अंकल गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला, “दीदी, प्रार्थनासभेत स्क्रीन लावायची आहे. तुम्हीच बनवा. पप्पांना तुमचंच आवडायचं.” आवडायचं? मला कधी बोलले नाहीत ते!

मी अंकलचा फोटो मधोमध लावला. आजूबाजूची जागा बघून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, आज त्यांच्या मनासारखं करू. एका कोपऱ्यात पिताजी टाकले, एकात झुलेलाल, एकात गणपती, खाली दुकान, सगळे नंबर, लाल बॉर्डर. मग सभेच्या हॉलमध्ये स्क्रीन लावली, मागच्या खुर्च्यांपर्यंत चालत गेले आणि वळून बघितलं. सगळं दिसत होतं. अंकलच दिसत नव्हते.

परत लॅपटॉपपाशी गेले आणि एकेक करून सगळं काढलं. कोणी थांबवलं नाही. मागच्या रांगेत सुनंदाताई येऊन बसल्या आणि तिथूनच त्यांनी अंकलकडे बघून हात जोडले.

भाडं वाया जातंय, माहितीये अंकल. भांडा ना मग.