भिशीच्या बायका आणि साहेबांची मीटिंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे ते न येण्यामुळे चुकलं आहे, घाईमुळे नाही. अक्षर किरटं आहे आणि ओळ उजवीकडे खाली उतरत जाते, तिलाही इलाज नाही. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. कधी लेकीच्या हाती लागलं तर तिने माफ करून वाचावं.

त्या वर्षी लेकीने चांगली नोकरी सोडली. तिच्याबरोबर काम करणारा नागपूरकडचा एक मुलगा होता, त्यानेही सोडली. दोघांनी मिळून विश्रांतवाडीत आमच्या बाहेरच्या खोलीत स्वतःची कंपनी काढली. ह्यांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं, "कंपनीत माणसं किती?"

"दोन, बाबा."

"त्यात साहेब कोण आणि शिपाई कोण?"

"दोघंही दोन्ही."

"बरं आहे. रजेचा अर्ज स्वतःच लिहायचा आणि स्वतःच नामंजूर करायचा."

लेक काय काम करते ते मी पोळ्या लाटताना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तेव्हा पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांची माणसं कॅमेऱ्यासमोर बसून परदेशातल्या कचेऱ्यांशी बोलायला लागली होती. मीटिंग कधी, कोणाकोणाची, हे एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, म्हणजे सगळ्यांना निमंत्रणं जात. पण इतक्या ठिकाणची चित्रं आणि आवाज एकत्र आणायला वेगळं यंत्र लागतं. त्याला ते लोक ब्रिज म्हणत. निमंत्रणं बघून त्या ब्रिजवर जागा राखून ठेवायचं काम एक माणूस हाताने करायचा. तो विसरला की साहेबलोक काळ्या पडद्याकडे बघत बसायचे.

लेक म्हणाली, "आई, लग्नपत्रिका वाटल्या आणि कार्यालयाला कळवलंच नाही, तसं होतं बघ. आम्ही असं करतोय की पत्रिका निघाली की कार्यालय आपोआप राखलं जाईल. ब्रिजवर नंबर घातलेले हॉल असतात, पण थोडेच. ते नीट वाटून द्यायचे."

एवढं मला समजलं आणि पुरलं.

संगणक आणि कॅमेरा घ्यायला पैसे हवे होते. बँकेने तारण मागितलं, ते आमच्याकडे नव्हतं. आम्हा बायकांची भिशी तेव्हा माझ्याच घरी जमायची. त्या महिन्यात चिठ्ठी माझ्या मंडईतल्या मैत्रिणीची निघाली. ती पालेभाजीचा गाळा चालवते. तिच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं होतं आणि या भिशीवर तिची सगळी भिस्त होती. चहा गाळताना ती स्वयंपाकघरात आली.

"तोंड का पाडलंयस?"

मला मागता येत नाही, कधीच आलं नाही. मी नुसती अडचण सांगितली. तिने पैसे ओट्यावर ठेवले.

"कार्यालयाची उरलेली रक्कम भरायच्या आधी परत दे. तेवढं मात्र चुकवू नकोस बाई. माझ्या व्याह्यांच्या नाकावर राग आहे."

त्या दिवसापासून तिच्या मुलीचं लग्न माझ्या डोक्यावर बसलं. नागपूरकडच्या मुलाला ते कळायचं. तो म्हणायचा, "काहून घाबरता काकू, होऊन जाते ना सगळं बरोबर."

त्यांना एक गिऱ्हाईक मिळालं होतं. मोठी कंपनी, परदेशात कचेऱ्या. तिथले साहेब पुण्यातलेच, मराठी. काम नीट चालताना स्वतः बघितलं की ते सही करणार आणि मग पैसे मिळणार, असं ठरलं होतं. सगळं तयार झाल्यावर दोघांना खऱ्या माणसांची एक मीटिंग भरवून बघायची होती. लेक म्हणाली, "आई, तुमची भिशीच लावू या ना. चार ते पाच. काही बायका इथे कॅमेऱ्यासमोर बसतील, बाकीच्या आपापल्या घरून फोनवर. त्यानंतर पाच वाजता साहेबांची परदेशाशी मीटिंग आहे, ती आमच्या सॉफ्टवेअरवरची पहिली."

बायकांना कॅमेरा म्हटल्यावर काय विचारता. ठेवणीतली पातळं निघाली. एकीने तर नथ घातली. लोणी काळभोरची माझी नणंद फोनवर होती. तिला चित्र दिसत नव्हतं, म्हणून ती सारखी विचारायची, "आता कोण बोलतंय? काय नेसलीय?" मंडईवाली उत्तर द्यायची, "तुझ्यापेक्षा बरं नेसलीय हो." मी कडेला बसले होते. लेकीने पुढे सरकायला सांगितलं तेव्हा मी पदर सारखा केला आणि आणखी कडेला सरकले. पडद्यावर माझा एक कान आणि खांदा दिसत होता.

पाच वाजत आले तशी लेक म्हणाली, "चला, झालं. निरोप घ्या." मग ती गिऱ्हाइकाच्या कचेरीत जाऊन बसलेल्या नागपूरकडच्या मुलाशी मोबाइलवर बोलायला गच्चीत गेली. बायका लगेच उठल्या. "येते हं," म्हणाल्या. पण येते म्हटलं की बाई लगेच जाते थोडीच? मी हळदकुंकू आणायला आत गेले. एकीला पिशवी सापडेना. फोनवरून नणंदेने विचारलं की चकलीची भाजणी कितपत खमंग भाजायची. मंडईवाली दारात उभी राहून मुलीच्या सासूचं सांगायला लागली. मानपानाची यादी, आहेर, आणि वर म्हणे आम्हाला काही नको. मी कॅमेऱ्याकडे पाठ करून एकेकीला कुंकू लावत होते.

तेवढ्यात खोलीत पुरुषाचा आवाज आला. "नमस्कार. आपण कोण?"

पडद्यावर टाय लावलेले साहेब होते आणि त्यांच्या शेजारच्या चौकटींत दोन गोरी माणसं. पाच वाजले तेव्हा लेकीच्या सॉफ्टवेअरने आमचा हॉल रिकामा समजून साहेबांना दिला होता. आम्ही अजून आत आहोत का, हे त्याने ब्रिजला विचारलंच नव्हतं.

माझ्या हातातलं कुंकू सांडलं. मंडईवाली मात्र सरळ म्हणाली, "आम्ही भिशीच्या. तुम्ही कोण?"

"मी पाचची मीटिंग," साहेब म्हणाले. "तुमच्या विहीणबाईंचं पूर्ण होऊ द्या, आम्ही थांबतो."

गोऱ्या माणसांनी हात हलवला. नथवालीनेही हलवला. लेक गच्चीतून धावत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

सही झाली नाही. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "आज भिशी होती म्हणून ठीक. उद्या एका गिऱ्हाइकाच्या मीटिंगमध्ये दुसरं गिऱ्हाईक घुसलं तर माझी नोकरी जाईल. दुरुस्त करा, मग बोलू."

दिवाळी तोंडावर आली होती. मी चकल्या पाडत होते, पण मनात कार्यालयाची रक्कम. मैत्रिणीला सांगायला मंडईत गेले तर तीच आधी म्हणाली, "आमच्या तोंडाने तुझ्या पोरीचं काम अडलं ना गं?"

"नाही. तुम्ही निघून गेला असतात तर सॉफ्टवेअरमधली चूक कळलीच नसती. पण पैशाला थोडं..."

ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिली. मग म्हणाली, "कार्यालयाची तारीख उलटली तरी व्याह्यांना चार दिवस सांगते काहीतरी. चारच हं. त्यापुढे मला गळ्यातलं मोडावं लागेल."

दोघं पोरं दिवाळीतही काम करत बसली. आता वेळ संपली की सॉफ्टवेअर आधी ब्रिजला विचारायचं, आत कोणी आहे का? असेल तर पुढच्या लोकांना दुसरा हॉल द्यायचं, आणि आतल्यांना आवाज करून सुचवायचं. तयार झाल्यावर साहेबांनी स्वतः तपासलं. लेकीने मला मागे उभं राहून बघू दिलं. मीटिंग संपली, साहेब म्हणाले, "अच्छा, येतो." आणि तिथेच बसून राहिले. "बरं का, तुमच्या आईंना विचारा, भाजणीचं काय ठरलं? आमच्या घरी यंदा चकल्या मऊ पडल्यात." लेकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मोहन कमी घाला." साहेब म्हणाले, "निरोप पोचवतो," आणि आणखी बोलत बसले. पुढची माणसं दुसऱ्या हॉलमध्ये गेली. आमच्यात कोणी आलं नाही.

"होऊन गेलं, काकू," नागपूरकडचा मुलगा कानात म्हणाला.

सही झाली. चेक आला, पण तो वटायला वेळ गेला. त्या काळात ह्यांनी एकदाही टोमणा मारला नाही, त्यावरून मला कळलं की त्यांनाही घोर आहे. पैसे जमा झाले त्या सकाळी लेकच म्हणाली, "आई, आधी मावशींचे. आमचे पगार नंतर." आणि स्वतः बँकेतून काढून आणले.

मैत्रिणीने मागितलेल्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. मी मंडईत पोचले तेव्हा ती मेथीवर पाणी शिंपडत होती. मी पाकीट पुढे केलं. तिने हात पदराला पुसले.

"अर्धे आणलेस तरी चालतील गं. बाकीचे लग्नानंतर."

"सगळे आहेत," मी म्हणाले.

तिने पाकीट घेतलं आणि गाळ्यावर लेकाला बसवून कार्यालयात पैसे भरायला निघाली.