चालवल्याशिवाय वेगळं होत नाही

आठवीत असताना मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कळपातली लंगडी मेंढी धरायला गेले आणि तोंडावर आपटले. पाटोद्याच्या वरच्या माळावर आमची मेंढरं चरत होती. तिच्या खुराला औषध लावायचं होतं, म्हणून मी सरळ आत घुसले. मेंढरं बुजली, एकमेकांत डोकी खुपसून त्यांचा असा गठ्ठा झाला की लंगडी कोण आणि धडधाकट कोण, काही कळेना. आबा बांधावर बसून पोट धरून हसत होते.

"धरायला कशाला गेलीस, माय? चालव त्यांला. लंगडी आपूआप मागं ऱ्हाती."

कोसभर चालवली, आणि राहिली की! त्या हसण्याचा राग मला पुढे कितीतरी दिवस पुरला. आज तो राग आठवला तरी माळावरचं ते ऊन अंगावर येतं.

आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेडाचे ठोके पाठवते. साधा ठोका लांब जाताना पसरतो, विरतो. पण काही ठोके स्वतःला सावरून धरतात, कितीही लांब गेले तरी विस्कटत नाहीत. त्यांना सॉलिटॉन म्हणतात. एका जोरकस ठोक्यात असे तीन-चार दडलेले असतात, आणि त्यातला एक सुटा काढायचा, हे माझं काम. वर्षभर ते जमत नव्हतं.

घरचं काम त्याहून अवघड होतं. आई गेल्यापासून आबा गावी एकटे, त्यात गुडघे दुखणारे. "मेंढरं विका आणि इकडं या," हे पालुपद मी दर रविवारी फोनवर लावायचे. ते विषय बदलायचे. गेल्या रविवारी त्यांनी माझ्याच कामाची चौकशी काढली.

"घावला का तुझा उजेड?"

"न्हाई. सगळे एकात एक गुतलेत."

"तार केवढी हाय?"

"धा-बारा हात."

"मग कशे सुटतील? लांब चालव की."

मी चिडले. आता हे मला शिकवणार! पण सोमवारी गुपचूप तार लांबवली. पडद्यावरच्या एकाच उंचवट्याचे फुटून तीन झाले. सगळ्यात जोरकस ठोका मागे पडला होता, कारण वाटेत त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो आणि चाल मंदावते. रंग वेगळा झाला की गाळणी लावून तो एकटा काढता येतो. शुक्रवारी काढला. मला चक्क रडू आलं.

दुपारचे साडेतीन झाले होते. तसाच आबांना फोन लावला.

"आबा, सुटला! पन आमच्यात तगडाच मागं ऱ्हातो."

"उलटंच हाय की तुमचं," ते हसले.

त्यांच्या हसण्यामागे एकही मेंढी ओरडली नाही.

"मेंढरं कुटं हायेत?"

"दिली. आयतवारी तुजा फोन आला, तवा टेम्पोत चढवीत हुतो. तूच म्हनत हुतीस ना."

मीच म्हणत होते. वर्षभर. मला माझ्याच जिभेचा संताप आला.

"आन आईक," आबा म्हणाले, "त्या उजेडाला लई येळ एकटा ठिवू नको. एकटं मेंढरू चारा खात न्हाई."

"आबा, तुमी जेवलात का?"

"जेवीन की."