मावशीने लावलेली धार

पडदा वर जातो तो एका लांबट, ओलसर खोलीवर. डावीकडे बर्फाच्या रिंकचं दार, उजवीकडे बाकडी, मधोमध स्केटच्या पात्यांना धार लावायचं यंत्र. यंत्रापाशी मावशी. वय झालं तरी मान ताठ, ओठांवर लाली, आणि जिभेची धार अशी की यंत्राने लाजावं. एके काळी ती बर्फावर गिरकी घेऊ लागली की बॅण्डवाले वाजवायचं विसरत. खरंच विसरत.

आता संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. यंत्राचा दांडा ढकलता येई, पण बुटाची नाडी सुटत नसे. ती सकाळी भाची बांधायची आणि संध्याकाळी भाचीच सोडायची. बहीण गेल्यावर ही पोर तिच्या पदरात पडली होती.

"मावशी, पाती बदलू या का गं? सगळ्या मुलींनी नवी घेतलीत."

"मग पाठीचा कणाही नवा बसवून घ्या म्हणावं! पातं नाचत नाही, पाय नाचतो. आण इकडे."

स्केटच्या पात्याला खालून झुलत्या खुर्चीच्या पायांसारखा हलका बाक असतो. त्या बाकावरच माणूस वळतो. धार लावताना मावशी नेमकी मधल्या पोटावर चाक दाबायची. झिजून झिजून पातं पट्टीसारखं सपाट झालं. हे काही हात चुकून झालं नव्हतं.

पोर तरीही शिकली. सपाट पातं सरळ रेषेत बाणासारखं जाई, पण वळता वळेना. मग ती चवड्यावर पार पुढे झुकून, खांदा हिसडून गिरकी अक्षरशः ओढून काढी. बघणारे टाळ्या वाजवत.

"शिकवलं कोणी?" मावशी विचारी आणि स्वतःच वाकून नमस्कार करी.

मग बर्फावर नाचणारा मोठा फिरता ताफा शहरात आला. निवड झाली तर भाची दौऱ्यावर जाणार, स्वतःच्या पायांवर उभी राहणार. तिला दुसरं काही सुचेना. मावशी तरुणपणी याच ताफ्यात होती. तिथला नियम तिला पाठ होता: सगळ्यांनी ताफ्याचेच बूट, ताफ्याचीच पाती घालायची. तेवढं एक तिने भाचीला सांगितलं नाही.

निवडीला जाताना मावशीने नाड्यांचे जुने उंच बूट चढवले. भाचीने खाली बसून नाड्या घट्ट आवळल्या.

"माझं आज झालं ना मावशी, तर तुला चेनचे बूट घेते."

"आधी होऊ तर दे."

ताफ्याच्या नव्या, बाकदार पात्यांवर भाची बर्फात उतरली. सवयीने चवड्यावर झुकली, खांदा हिसडला. पातं तिच्याआधीच वळलं, पात्याच्या टोकाचे करवती दाते बर्फात रुतले आणि ती तोंडावर आपटली. उठली. पुन्हा तेच. पुन्हा उठली, तेव्हा ओठ फुटला होता.

"घरी फार छान करते हो आमची," मावशी शेजारच्या बाईला म्हणाली.

"पुढची!" मालक ओरडला.

ताफ्याचा म्हातारा धारवाला भाचीचे जुने स्केट घेऊन आला. पात्याला फूटपट्टी टेकवून त्याने मावशीकडे पाहिलं.

"बाई, ही तुमचीच धार ना? स्वतःच्या पात्यांचा बाक तर तुम्ही केसभर हलू देत नव्हता. मला यंत्रापाशी उभं राहू देत नव्हता."

भाचीने मनगटाने रक्त पुसलं. "मावशी, तुला माहीत होतं?"

"तू गेली असतीस," मावशी म्हणाली. मग आवाज चढवून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा, "आणि मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

भाचीने जुने स्केट घेऊन मावशीच्या मांडीवर ठेवले. अगदी अलगद. आपल्या चपला पायात सरकवल्या आणि दाराकडे निघाली. मागे वळून बघेना.

मावशीने वाकून नाडीला हात घातला. बोटं वळेनात.

"अगं ए! निदान माझ्या नाड्या तरी सोडून जा!"