बूटवाल्या आजींची दुहेरी गाठ

कोबेला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी घरातसुद्धा बूट घालून वावरत. जपानात, बरं का! जिथे दाराशी चपला काढल्या नाहीत तर माणसं तोंडावर हसतात आणि मनातून तुमचं नाव कायमचं टाकतात. काळे, जड बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. आमचा अथर्व त्यांना ‘कुत्सु-बाचान’ म्हणायचा, म्हणजे बूटवाल्या आजी. लिथुआनियात जन्मलेल्या ज्यू, नव्वदीला टेकलेल्या. जपानी नवरा केव्हाच गेलेला. आमचं बोलणं जपानीत चाले, आणि माझ्या जपानीचे त्या मनसोक्त वाभाडे काढत.

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या, त्या वर्षी गणपतीत आजी बुटांसकट थेट मखरापर्यंत चालत आल्या. “अगं बाई, देवापुढे?” सासूबाई किंचाळल्याच. भाषांतराची गरज पडली नाही. “तुझ्या सासूला सांग,” आजी मला म्हणाल्या, “देवाला चालत नसेल तर मी दाराबाहेरून बघते. बूट नाही निघायचे.” आणि खरंच दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी आरती ऐकली. मोदक मात्र चार खाल्ले. मोदक खाणाऱ्या माणसावर सासूबाईंना फार वेळ रागावता येत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोफ्यावर बसल्या बसल्या आजींना उकाड्याने घेरी आली. मी अँब्युलन्सला फोन करायला वळले, तेवढ्यात सासूबाईंनी घरचा उपाय सुरू केला. आजींचे बूट-मोजे काढून दाराबाहेर ठेवले आणि तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासायला बसल्या. आजींनी डोळे उघडले. आपले उघडे पाय पाहिले आणि जनावरासारख्या ओरडल्या. त्यांची लाथ सासूबाईंच्या तोंडावर बसली, ओठ फुटला, वाटी भिंतीवर आदळली. आजी कोपऱ्यात सरकून भिंत नखांनी ओरबाडत होत्या. “माझे बूट कुणाला दिलेत?” एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

बूट चढवून दुहेरी गाठ मारल्यावर त्या शांत झाल्या आणि बोलल्या. सहा वर्षांच्या असताना काकाने त्यांना रशिया ओलांडून बोटीने जपानला आणलं. आई आणि दोघे धाकटे भाऊ मागून यायचे होते. त्याआधी नाझी आले. गावाबाहेरच्या जंगलात खड्डे खणले गेले. आधी वेड्यांच्या इस्पितळातले रोगी मारले, मग ज्यू, मग जिप्सींचा अख्खा तांडा.

“आधी बूट काढायला लावले,” आजी म्हणाल्या. “बुटांचा ढीग वेगळा, कपड्यांचा वेगळा. चांगला माल रक्ताने खराब व्हायला नको ना! गोळ्या वाचवायच्या म्हणून लहान पोरांना जिवंतच ढकललं, वर आयांची प्रेतं. माती बराच वेळ हलत होती.” त्या खड्ड्यातून सरपटत बाहेर आलेल्या एका शेजारणीने युद्धानंतर त्यांना हे सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं. समोरच्या घरातली बाई, आईकडून रोज काही ना काही उसनं नेणारी, पुढच्या रविवारी आईचे बूट घालून चर्चला गेली. “बंदूकवाल्यांचे चेहरे मला माहीत नाहीत,” आजी म्हणाल्या. “हिचा माहीत आहे. माझ्यामागे हे बूट कुणाच्या पायात जाता कामा नयेत. एवढं बघ.”

मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. फुटक्या ओठाला पदर लावून त्या ऐकत होत्या. “मेलीचं तळपट होवो!” त्या म्हणाल्या. आजींनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्या फारच खूश झाल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात बूट चालू लागले. आजी दारात आल्या की सासूबाई खाली बसून ओल्या फडक्याने बुटांचे तळ पुसून देत, बूट पायातच.

गेल्या हिवाळ्यात आजी हॉस्पिटलमध्ये गेल्या. जवळ आम्ही दोघीच होतो. शेवटी पाय इतके सुजले होते की बूट चढेनात, म्हणून त्यांनी ते पांघरुणाखाली छातीशी धरले होते. तसेच धरून त्या पहाटे गेल्या. नर्स भली पोरगी. हळूच मला म्हणाली, बूट अजून चांगले आहेत, कुणा गरजूच्या उपयोगी पडतील. आणि तिने ते उचलायला हात पुढे केला.

सासूबाईंना जपानी कळत नाही. हात दिसला. “खबरदार हात लावशील तर!” त्या मराठीत ओरडल्या आणि अख्खा वॉर्ड दचकला. नर्स वाकून मागे सरली.

मग सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. रडत रडत त्यांनी त्या गार पावलांवर मोजे चढवले, नाड्या पार सैल करून, बूट फाकवून कसेबसे चढवले, आणि दुहेरी गाठ मारली. “घ्या आता काढून,” त्या म्हणाल्या.