त्रिनिदादची पंगत

आमचा कप्तान कुठलाही निर्णय घेण्याआधी तर्जनी जिभेला लावून हवेत धरायचा. वारा कुठून येतोय ते बघायला. मग प्रश्न सामन्याचा असो की आमटीतल्या मिठाचा. वारा बघून झाला की म्हणायचा, "दर्यावर आसंच चालतं," आणि मनात आधीच ठरलेलं असेल तेच करायचा. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच.

कप्तान हे लोकांनी दिलेलं नाव. खरं तर तो बरीच वर्षं एका मालवाहू जहाजावर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. साठ सालच्या आसपास नोकरी सोडून तो लोणावळ्यामागच्या आपल्या वाडीत परतला, तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं की आमच्या खोऱ्यातल्या चार वाड्या चहूबाजूंनी वेढल्या जायच्या. एकीकडून दुसरीकडे जायचं तर होडी. बाकीचे लोक वैतागायचे, पण कप्तान खूश.

"मास्तर, ही बेटं हायेत," तो मला म्हणाला. "तिकडं लांब दर्यात आसलेच देश हायेत, आपल्या तालुक्याएवढाले. त्यांच्या क्लबांच्या आपसात कपासाठी फुटबालच्या म्याची हुत्यात. आपुन बी लावू."

आणि त्याने वाड्यांना देश वाटून टाकले. त्याची स्वतःची वरची वाडी त्रिनिदाद, ठाकरवाडी जमैका, धनगरवाडा फिजी आणि पलीकडची बौद्ध वस्ती बार्बाडोस. फिजी त्या समुद्रात नाही, हे मी नकाशा काढून दाखवलं. "नकाशावाला गेलता का तितं?" एवढंच उत्तर मिळालं. ती नावं लोकांच्या तोंडी अशी बसली, की जमैकाच्या म्हशी पोहत येऊन त्रिनिदादचं भात खातात म्हणून खरीखुरी भांडणं होऊ लागली.

लावणी उरकली की सामने सुरू. चेंडू त्याने मुंबईहून येताना आणलेला. भिजला की तो नाचणीच्या गाठोड्यासारखा जड व्हायचा, आणि तो डोक्याने मारणारा गडी दोन दिवस धड बोलत नसे. कप म्हणजे जहाजाच्या भटारखान्यातला चहाचा जग. कपाला कान दोन हवेत, म्हणून लोणावळ्याच्या कल्हईवाल्याकडून दुसरा कान बसवून घेतला होता. पंच मी. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अख्ख्या खोऱ्यात शिट्टी माझ्याकडेच होती.

पाहुण्या संघाला यजमान वाडीने जेवू घालायचं अशी रीत होती. बार्बाडोसच्या हाती मात्र कुठेही गेलं तरी कोरडा शिधा पडायचा. तांदूळ, डाळ, चार मिरच्या. तुमचं तुम्ही शिजवून घ्या. त्यावर कोणी चकार शब्द काढत नसे.

दुसऱ्या वर्षी अंतिम सामना त्रिनिदाद आणि बार्बाडोस यांच्यात आला, तोही वरच्या वाडीत. यजमानपण कप्तानाच्या थोरल्या भावाकडे. त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. आबांनी अंगणात चूल पेटवली होती आणि पडवीच्या कडेला सुपात शिधा काढून ठेवला होता. बार्बाडोसचा गोलकीपर लोणावळ्याला रेल्वेत कामाला होता. होडीतून उतरून वर आल्याबरोबर त्याची नजर सुपावर गेली.

"शिदा न्हाई नेनार आमी," तो शांतपणे म्हणाला. "खेळू आन उपाशी जाऊ. पर पुढल्या सालापास्नं आमचं नाव काडा."

बार्बाडोस गेलं म्हणजे कपच संपला. कप्तानाचा चेहरा पडला. तर्जनी जिभेला लावून त्याने हवेत धरली. वारा तसूभरही नव्हता.

"दर्यावरचा नियम हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यजमानानं पावण्यांसंगं एका पंगतीत जेवायचं, एका भांड्यातलं. न्हाईतर यजमान बाद, कप पावण्यांचा. इचारा मास्तरांना."

सगळी वाडी माझ्याकडे बघू लागली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "असा नियम खरंच आहे?"

"तुमी कदी गेलाय तिकडं?"

"नाही."

"मग व्हय म्हना."

मी व्हय म्हटलं. आबा कडाडले, "मग जाऊ दे तो कप." पण दोन पावसाळे चिखलात गुडघे फोडून घेतलेले त्यांचेच गडी ऐकेनात. शेवटी पंगत बसली. कप्तानाने स्वतः मासळी तळली आणि सगळ्यांना एकाच कढईतून वाढली. ती इतकी फर्मास झाली होती, की त्रिनिदादच्या गड्यांना जेवल्यावर पळवेना. पंगत घालूनही कप बार्बाडोसलाच गेला.

आबांनी ते कधी माफ केलं नाही. त्या दिवसापासून भावाचं ताट त्यांनी घराबाहेर, पडवीत वाढायला लावलं. "मी डेकवर जेवतो," कप्तान सांगायचा. "आत लय उकडतंय." एकदा पावसाची झड आत येत होती आणि हा पाठीचा आडोसा करून ताट वाचवत होता. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "त्या एका नियमापायी केवढं हे."

"मास्तर, मी तितं म्याच एकच बगितली. ती बी कुंपणाभाईरनं," तो भात कालवत म्हणाला. "कोन जितलं ठाव न्हाई. पर मागनं दोनी टीमा वाळूत बसून एका कढईतली मासळी खात व्हत्या. आपला धंदा सैपाकाचा, माजं ध्यान तितंच गेलं."

पुढे चार-पाच वर्षांनी तो साध्या तापाने गेला.

तेराव्याला बाकीच्या तिन्ही वाड्यांतून होड्या आल्या. आबांनी रिवाजाप्रमाणे दोन पंगती मांडल्या होत्या. बाकी सगळ्यांची अंगणात, आणि बार्बाडोसची कुंपणापलीकडे आंब्याखाली. वाढप सुरू होणार, एवढ्यात त्रिनिदादचा एक जुना खेळाडू उठला, आपली पत्रावळ उचलून आंब्याखाली जाऊन बसला. मग दुसरा उठला. बघता बघता अंगण रिकामं झालं, आणि आबा भाताचं पातेलं घेऊन एकटेच उभे राहिले.

"आबा, वाडा," गोलकीपर तिकडून म्हणाला. "भात गार हुतोय."

आबा कुंपण ओलांडून गेले. एकेका पत्रावळीवर भात वाढत पंगतीच्या शेवटाला पोचले, तेव्हा गोलकीपरने जरा सरकून जागा केली. तेरा दिवसांत आबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते तिथे बसले, आणि भावासाठी ढसाढसा रडले.