सत्तावीस नंबरच्या डब्याचं तेल

सत्तावीस नंबरच्या डब्याबद्दल मी आजवर कुणालाही काही सांगितलेलं नाही. विसरलो नव्हतो, टाळत होतो. मागच्या वर्षी जुन्या रेल्वेची माहिती गोळा करणारा एक तरुण हैदराबादहून मला भेटायला आला. तीन तास बसला. बीदरला गाडी कशी आली, इंजिनं कुठली होती, डबे किती होते, हे सगळं मी त्याला सांगितलं. डब्यांचे नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले. मध्येच तो थांबून म्हणाला, "आजोबा, सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस?"

"सत्तावीस नव्हताच," मी म्हणालो.

त्यानं तसं लिहून घेतलं. आता त्याच्या वहीत एक खोटं आहे आणि ते मी सांगितलेलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

बीदरच्या लाल दगडाच्या माळावर रेल्वे आली तेव्हा मी लहान होतो. आमचं गाव चिंताकी, औरादच्या अंगाला. वडिलांनी मला बैलगाडीतून दोन मुक्काम करून गाडी बघायला नेलं होतं. इंजिन थांबलं तसे आमचे बैल उधळले, एवढंच मला आठवतं. पुढे त्याच रेल्वेत मी नोकरीला लागेन असं कुणाच्या मनातही नव्हतं.

माझं काम नंबर लिहिण्याचं. गाडी आली की रुळाच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक डब्याचा नंबर रजिस्टरात चढवायचा, कुठला डबा कुठून आला आणि कुठे गेला ते नोंदवायचं. त्यामुळे गाडीतला एकेक डबा मी माणसासारखा ओळखत असे. एकेकाळी आमच्या मार्गावर रेलमोटार धावे. एकच डबा, त्याच्याच पोटात इंजिन, तेलावर चालणारं. कोर्टातले कारकून, शाळामास्तर, बिदरीची भांडी घडवणारे कारागीर तिच्यातून ऐटीत जात. महायुद्धाची लढाई सुरू झाली, तेल मिळेना, तसा तिच्यावर ताडपत्रीचं पांघरूण पडलं आणि दुसऱ्या मार्गांवरचे टाकाऊ लाकडी डबे आमच्याकडे आले. सकाळी भालकीहून बीदरला आणि संध्याकाळी परत, अशी रोज जाणाऱ्यांची गाडी त्यांच्यावर चालू लागली. सगळ्यात म्हातारा डबा सत्तावीस. त्याचा अर्धा भाग बायकांसाठी होता.

चाकांना तेल घालणारे एक चाचा होते. पन्नाशी उलटलेले, बीदरचेच, मार्ग सुरू झाला त्या दिवसापासून नोकरीत. डब्याच्या चाकाच्या आसाला टोकाशी एक लोखंडी पेटी असते. तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा बोळा कोंबलेला असतो आणि तो फिरत्या आसाला तेल चाटवत राहतो. तेल संपलं की आस तापतो, मग धूर येतो, मग जाळ. आमच्यात त्याला 'डबा गरम झाला' म्हणायचे. चाचा प्रत्येक पेटीला उलटा हात लावून बघत, आईनं लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

"बघ मुन्शी, हा डबा रडायलाय," ते मला म्हणत. मी मुन्शी नव्हतो, पण हातात रजिस्टर असलेला प्रत्येकजण त्यांच्या लेखी मुन्शीच.

"कामून रडायलाय?"

"उपाशी हाय म्हणून. तुझ्या रजिस्टरात लिहून ठेव, पोट भरंल त्याचं."

ही त्यांची थट्टा. मी हसत असे. ते दिवस हसण्याचे होते.

मग ते वर्ष आलं. हैदराबाद संस्थानचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संस्थानच्या बाजूची, खाकी कपडे घातलेली, हातात भाले-बंदुका घेतलेली पोरं गावोगाव फिरू लागली. हद्दीपलीकडच्या, संस्थानाविरुद्धच्या कॅम्पांतून येणारे लोक जकातनाकी जाळू लागले. फलाटावर दोन माणसं बोलत उभी असली आणि तिसरा आला की बोलणं पावसापाण्यावर येई. बाकाखाली एखादं बोचकं बेवारस दिसलं की अख्खा डबा रिकामा होई. माझे गाववाले चाचांशी बोलेनासे झाले, आणि चाचांच्या मोहल्ल्यातले माझ्याशी. मी काय लिहितो, ते कुणाकडे जातं, असं लोक एकमेकांना विचारत. मला ते कळत होतं.

सकाळची गाडी आल्यावर रिकामे डबे दिवसभर बाजूच्या रुळावर उभे असत. एका दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, मी चाचांना सत्तावीसच्या खाली शिरताना पाहिलं. हातात गोणपाटात गुंडाळलेलं पत्र्याचं डबडं होतं. अर्ध्या तासानं ते इकडेतिकडे बघत बाहेर आले. डबडं रिकामं होतं, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. काखेत डबडं आणि वर एक गाठोडं.

तिसऱ्या वेळी मी विचारलं. "चाचा, भर दुपारी डब्याखाली काय करायलाव?"

"झोपायलोय. सावली हाय तिथं."

"आन् डबडं कशाला?"

ते थांबले. पहिल्यांदाच माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलं. "तू लिहिणारा माणूस हायेस बाबा. लिहिणाऱ्याला सगळं सांगत नसतेत."

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. रेल्वेचं तेल ते उघड्यावर, सकाळच्या वेळी घालत. मग हे लपवून आणलेलं काय? बायकांचा डबा, लाकडी. दुसरीकडे एक गाडी जाळल्याची बातमी होती. खरी की खोटी, कुणी तपासली नव्हती. मी मनातल्या मनात त्या डबड्यात घासलेट भरलं. गाठोड्यात काडतुसं भरली. त्यानंतर मला चाचांची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागली. ते नमाजाला गेले तरी कुणाला भेटले असतील असं वाटे. पेटीवर हात ठेवून उभे राहिले की ते काहीतरी चाचपतायत असं वाटे. त्या डब्याखाली वाकून एकदा बघावं, एवढं साधं काम माझ्याकडून झालं नाही. पेटीचं झाकण तर नुसतं वर उचलायचं असतं. मी भ्यायलो होतो असं मी स्वतःला सांगत आलो. पण बघितलं असतं तर संशय संपला असता, आणि तो संपावा असं मला वाटत नव्हतं. त्या दिवसांत संशय घेणारा माणूस सावध समजला जाई. मला सावध व्हायचं होतं.

संस्थान गेलं. लष्कर आलं. ते खाकी कपडे रातोरात विहिरीत पडले. आता बाजू उलटली होती. चाचांच्या मोहल्ल्यातली बरीच घरं बंद झाली, काही जळली. चाचा मात्र सकाळी ठरल्या वेळी तेलाची झारी घेऊन हजर. मला म्हणाले, "गाडीला काय म्हाईत कोण राजा हाय? तिला तेल पाहिजे."

स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये एक अधिकारी टेबल टाकून बसला. आम्हा सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं. माझं रजिस्टर त्याच्यापुढे उघडं होतं.

"ये नंबर किसके लिए लिखते थे?"

"रेल्वेसाठी, साहेब."

"वो खाकीवाले भी रेल से ही जाते थे." त्यानं पानं उलटली. कुठली गाडी कधी गेली, तिला किती डबे होते, त्यांतले किती बंद होते, सगळं माझ्या अक्षरात. "इतना साफ हिसाब उनको कौन देता था?"

मी कुणाला काही दिलं नव्हतं. पण मला दिसत होतं की त्याला एक नाव हवं आहे, आणि दुसरं मिळालं नाही तर माझं चालणार आहे.

मी चाचांचं सांगितलं. दुपारी डब्याखाली जातात, लपवून डबडं नेतात.

"डबडे में क्या?"

"घासलेट."

"तुमने देखा?"

"व्हय साहेब. वास पण आला."

हीच ती नोंद, जी मला दुरुस्त करायची आहे. मी डबडं पाहिलं होतं. घासलेट पाहिलं नव्हतं. वास आला नव्हता. त्या जबाबाच्या कागदावर खाली माझी सही आहे.

त्याच दिवशी चाचांना ट्रकमध्ये बसवलं. ते चाकांपाशी होते, हात तेलानं माखलेले. शिपाई म्हणाला, हात पुस. ते म्हणाले, "कशाला? परत येऊन घालायचंच हाय." मी रजिस्टर छातीशी धरून मालधक्क्याच्या आड उभा होतो.

त्यांच्या जागी नवा माणूस आला नाही. पंधरवड्यात सकाळच्या गाडीत ओरडा झाला. सत्तावीसखालून धूर येत होता. "जाळली, जाळली" म्हणत बायकांनी चालत्या गाडीतून उड्या टाकल्या. एका बाईचा पाय मोडला. गाडी थांबली, पाणी मारलं, डबा कसाबसा बीदरपर्यंत आणून बाजूला काढला. दुपारी मोठ्या शेडमधला एक फिटर तपासायला आला. कलबुर्गीकडचा वयस्कर माणूस, सगळे त्याला अप्पा म्हणत. नंबर नोंदवायला मी सोबत होतो.

अप्पानं पेटीचं झाकण उचललं, आतला जळका बोळा आकड्यानं ओढून काढला आणि नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघून हसायलाच लागला.

"अरे, ही तर करडी हाय! आन् ही लोकर बघ, घोंगडीची. कोण घालत होतं रे हे?"

मी रजिस्टराचं पान उलटलं.

अप्पानं सगळ्या पेट्या उघडल्या. सगळीकडे तेच, वाळून घट्ट झालेलं. "लढाईपासून स्टोअरमधून चांगलं तेल न्हाई, सूत न्हाई. जे येतंय ते पाण्यावाणी. हे डबे कवाच जळायला पाहिजे होते. कुणीतरी घरचं खायचं तेल घालून चालवलेत बघ. करडी लवकर वाळती. दोन-तीन दिवसाला घालावं लागतंय. मोठ्या चिकाटीचा माणूस हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण नाव सांगू नको कुणाला. बाहेरचं तेल पेटीत घातलं म्हणून त्याची नोकरी जाईल."

एवढ्यासाठीच चाचांनी मला सांगितलं नव्हतं. मी लिहिलं असतं.

अधिकारी तेव्हा अजून वेटिंग रूममध्येच बसत होता. मालधक्क्यापासून ते दार शंभर पावलंसुद्धा नव्हतं. मी दोनदा तिकडे निघालो. दुसऱ्या वेळी दारातल्या शिपायानं विचारलं, "क्या काम है?" मी म्हणालो, पाणी प्यायचंय. वास आला असं सांगणाऱ्या माणसानं आता वास वेगळा होता असं कसं सांगायचं? खोटं बोललो हे कबूल केलं असतं तर ट्रकमध्ये मी बसलो असतो. रजिस्टरात मी लिहिलं: 'सत्तावीस, गरम, कारण अज्ञात.' डबा मोडीत निघाला. अप्पा परत गेला.

चाचा पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुटले. कुणी म्हणे पुरावा नव्हता, कुणी म्हणे आजारी होते म्हणून सोडलं. नोकरी अर्थातच गेली होती. मी त्यांच्या घरी जायला आणखी एक महिना लावला. वाटेत वाक्य जुळवत गेलो.

ते ओसरीवर बसले होते. अर्धे झाले होते. चाचींनी मला ओळखलं आणि चहा ठेवला. घरात सामान कमी झालं होतं. त्याच बोलू लागल्या, भांडल्यासारखं, पण त्यात भांडण नव्हतं. "माझ्या फोडणीचं तेल गाडीला पाजलं ह्यांनी. सालभर फिकं खाल्लं आम्ही. धनगराकडनं लोकर मागून आणायचे. मी म्हणायची, ती गाडी काय माझी सवत हाय का?"

"हो, तुझीच," चाचा म्हणाले, आणि खोकले.

मला हसू आलं नाही, हे त्यांनी पाहिलं असावं. मग विचारलं, "सत्तावीस कसा चालतोय?"

"बरा चालतोय," मी म्हणालो.

"कोण घालतंय तेल?"

"नवा माणूस हाय."

त्यांनी मान हलवली. ते सगळं ओळखून होते की त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. माझ्यावर कुणी डाव टाकतंय का, हे बघण्याची त्या वर्षांत मला सवय लागली होती. त्यांच्यासमोर बसूनसुद्धा मी तेच केलं. हे मला खेळवतायत का, चाचींनी तेलाचं मुद्दाम काढलं का, दाराआड कुणी ऐकतंय का. बशीतला चहा गार झाला. चाचा म्हणाले, "पी की बाबा. त्यात काय घातलं न्हाई."

मी पिऊन टाकला आणि उठलो. ते दारापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही क्षण तसाच. मी म्हणालो, "येतो चाचा." पावसाळा संपायच्या आत ते गेल्याचं कळलं. मातीला मी गेलो नाही. तिथे मला बघून कोण काय म्हणेल, ही शंका होती.

वाटेत जुळवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. चाचा, मी डब्याखाली वाकून बघितलं नव्हतं, घासलेट मी माझ्या जिवाच्या भीतीनं सांगितलं, आणि खरं कळल्यावरही तुम्हाला आत राहू दिलं; मला माफ करा.