लागलं असेल तर हात वर

आमच्या पंचांनी भर मैदानात, कबड्डीच्या अंतिम सामन्यात, सख्ख्या भावाला बाद दिलं होतं. तो भाऊ मी. चढाईपटूचा अंगठा माझ्या गुडघ्याला ओझरता लागला होता. कुणालाच दिसलं नव्हतं, म्हणून मी तसाच उभा राहिलो. पंचांची शिट्टी वाजली, बोट माझ्याकडे वळलं आणि आमचा संघ एका गुणाने हरला. घरी आल्यावर आईसमोर त्यांनी एवढंच विचारलं, "लागला होता मा? मग हात कित्याक नाय वर केलंस?"

विक्रोळीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कारखान्यात, बाजारात, वहिनींच्या माहेरीसुद्धा ते पंचच. मी घरात दादा म्हणायचो, पण मनात पंच हाच शब्द यायचा. त्यांचं एक वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक कबड्डीपटूला पाठ होतं : "लागलं असेल तर हात वर करायचा. पंचाला दिसलं नाही म्हणजे लागलं नाही, असं होत नसतं." जो आपणहून हात वर करून बाहेर जाई, त्याला सामना संपल्यावर पंच स्वतः जाऊन हात मिळवत. कपापेक्षा मुलांना त्याचं अप्रूप जास्त.

टाळ्या मात्र त्यांनी आयुष्यात कधी वाजवल्या नाहीत. टीव्हीवरचा सामनासुद्धा हात मागे बांधून बघायचे. "पंचाने टाळी वाजवली की एक बाजू घेतली," असं म्हणायचे. वहिनी चिडवायच्या, "अहो, लग्नात मंगलाष्टकांना तरी वाजवलीत का?" पंच गंभीरपणे म्हणाले, "तिथे मी खेळाडू होतो."

निवृत्तीनंतर त्यांचा तोल जाऊ लागला, शब्द अडखळू लागले. मेंदूत गाठ निघाली, तीही वाईट जातीची. शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर आरशात टाळूवरची शिवण न्याहाळत ते मला म्हणाले, "बघ रे, मध्यरेषा आखून दिली डॉक्टरांनी. आता खेळा म्हणावं."

पण गाठ पुन्हा डोकावू लागली, आणि अंधेरीतल्या एका इस्पितळातल्या डॉक्टर मॅडमनी एका नव्या औषधाच्या संशोधनाबद्दल सांगितलं. मेंदूभोवती एक कुंपण असतं, रक्तातली बहुतेक औषधं ते आत येऊ देत नाही. हे औषध त्यातून आत शिरतं असं दिसतंय. पण किती द्यायचं, शरीर किती सोसतं, हे अजून शिकायचंय.

"म्हणजे चढाईपटू आहे," पंच म्हणाले. "आत जातो. परत कसा येतो ते बघायचं."

मॅडम हसल्या, मग स्पष्ट बोलल्या, "काका, तुम्हाला फायदा होईलच असं वचन मी देत नाही. कदाचित तुमच्यामागून येणाऱ्यांना होईल."

"मॅडम, पंचाला कुठे फायदा असतो? मॅच नीट झाली पाहिजे."

मॅडमनी एक अट घातली होती. दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, घेतलंच तर सांगायचं. पंचांना नियम आवडायचे. कोणी प्रसादाचा अंगारा दिला तरी ते मॅडमना फोन करून विचारत, "कपाळाला लावला तर चालेल ना? खाणार नाही."

आणि मी काय केलं, ते आता लिहितो.

कुणीतरी मला एका वैद्यांचा पत्ता दिला. मी गेलो, काळपट चूर्णाची पुडी घेऊन आलो. "इस्पितळात बोलू नका, ते लोक बंद करायला लावतात," असं तिथे सांगितलं होतं. दादाला सांगितलं असतं तर त्याने पुडी खिडकीबाहेर फेकली असती. कुळथाची पिठी मात्र त्याला माझ्याच हातची आवडायची, आईसारखी होते म्हणायचा. त्यांचं घर समोरच होतं. रोज दुपारी मी पिठी करून न्यायचो, आणि त्यात चमचाभर चूर्ण घालायचो. पिठीचा रंग मुळातच तसला. कुणाला कळणार?

"पिठी हल्ली कडू लागता रे," तो एकदा म्हणाला.

"आजारात तोंडाची चव जाते, दादा."

"तसां आसात," म्हणून त्याने वाटी पुसून खाल्ली.

पुढच्या तपासणीत यकृत बिघडल्याचं निघालं. मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं, "काका, काढा, चूर्ण, काहीही घेताय का?"

"मॅडम, आयुष्यभर पंचगिरी केली. नाही म्हणजे नाही."

मी शेजारीच उभा होतो. गुडघ्याला लागलं होतं तेव्हा उभा होतो, तसाच.

औषध थांबलं. पंच संशोधनातून बाहेर झाले. दोष नव्या औषधाच्या नावावर लिहिला गेला. मॅडम म्हणाल्या, आता बाकीच्यांना किती द्यायचं याचाही पुन्हा विचार करावा लागेल. परतताना रिक्षात पंच म्हणाले, "चढाईपटू चांगला वाटला होता रे. फाऊल निघाला." स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी घरी येऊन उरलेली पुडी मोरीत ओतली आणि तरीही बोललो नाही.

त्यानंतर गाठ वाढत गेली. उजवा हात लुळा पडला. शिकलेली भाषा आधी गेली, मालवणी उरली. एका दुपारी वहिनी खाली भाजीला गेल्या होत्या. मी पिठीची वाटी त्यांच्यासमोर ठेवली, पण भरवता येईना. सगळं सांगून टाकलं.

पंच रागावतील, रडतील, वाटलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून माझा हात वर उचलला. खांद्याच्याही वर.

"तिका सांग," म्हणाले. "मॅडमका."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. नोंद दुरुस्त करते म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तेव्हाच बोलला असतात तर चूर्ण बंद करून, यकृत सुधारल्यावर, त्यांचं औषध कदाचित पुन्हा सुरू करता आलं असतं." हेही मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "औषधावरचो फाऊल काढलो मा तिनां?" मी हो म्हटलं. त्याने वाटीकडे बोट केलं. त्या दिवशी त्याने माझ्या हातची पिठी पुन्हा खाल्ली. नुसती.

पंच गेले. मैदानावर शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला, "त्या नव्या औषधाने नेलं आपल्या माणसाला. प्रयोगाचा उंदीर केला." वहिनी मान हलवत रडत होत्या. मी पहिल्या रांगेत होतो. गप्प बसलो.

परवा मागच्या इमारतीतला एक जुना खेळाडू बायकोसह आला. त्यालाही तसलीच गाठ, त्यालाही त्याच संशोधनाबद्दल विचारलंय. बायको म्हणाली, "भाऊ, खरं सांगा, पंचांचं त्या औषधानेच झालं ना? आम्ही नाहीच म्हणणार आहोत." तो तिच्यामागे उभा होता, हात मागे बांधून, पंचांनीच शिकवल्यासारखा.

त्यांना मी आत बसवलं आणि सांगितलं, सगळं. मग समोरच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं. अजून उघडलेलं नाही. मैदानावरच्या बाकीच्यांसाठी हे लिहिलंय.

त्या औषधाने पंच बरे झाले असते का, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. पण ते त्याने गेले नाहीत. मला लागलं होतं.